लिंबाच्या बागेतला कोको

चॉकलेट तोंडात घातलं की हल्ली मला मळमळतं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा डबा फिरत येतो, सगळ्या जणी चकचकीत कागद उलगडतात आणि मी डबा तसाच पुढे सरकवते. “शुगर आहे का हो, मॅडम?” असं कुणीतरी विचारतंच. मी हो म्हणते. शुगर नाही, किळस आहे, असं सांगितलं तर कारण सांगावं लागेल आणि पुढचा तास बुडेल.

मी जळगावात पिंप्राळ्याला राहते, बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. माझी थोरली बहीण, आमची अक्का, भडगावच्या अलीकडे गिरणेच्या काठी एका गावात राहते. आई-वडील गेल्यापासून तिचं घर हेच माझं माहेर. तिची कागदी लिंबाची बाग आहे, भावजींनी स्वतःच्या हातानं लावलेली. झाडं ऐन फळावर आली आणि भावजी गेले.

त्यांच्या माघारी तिच्या दिराला ती बाग उपटून केळी लावायची होती. दिराला सगळं गाव नाना म्हणतं, आम्हीही म्हणतो. नाना वाईट माणूस नाहीत हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीत वाईट माणूस शोधायचा तर तो त्यांच्या घरात सापडायचा नाही. विहीर एक, बांध एक, आणि बाईमाणूस एकटीनं लिंबाची बाग कशी सांभाळणार, एवढाच त्यांचा साधा, अडाणी, पिढीजात विचार. अक्का मात्र हटून बसली. बाग मीच करणार, म्हणाली.

आमच्या खानदेशात शेतीचे बोल आखाजीला ठरतात. अक्षय्यतृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सालदाराचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं, वाट्यानं दिलेली बटईची शेतं त्या दिवशी हात बदलतात, आणि त्या दिवशी दिलेला शब्द फिरवला तर माणसाला पुढं वर्षभर चावडीवर तोंड दाखवता येत नाही. भावजी गेल्यानंतरच्या आखाजीला जेवणं उरकल्यावर ओसरीवर नानांनी सगळ्यांसमोर बोल टाकला.

“वहिनी, येती आखाजीले झाडवर तुम्हना बहार दिखना ते बाग कायमनी तुम्हनी. मी परत नाव काढाव नही. नही दिखना ते मंग मी केळी लावसू.”

“चाली,” अक्का म्हणाली. एवढंच. आणि ताटं गोळा करायला उठली.

बहार म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. लिंबाला फुलं आपोआप हवी तेवढी येत नाहीत, ती आणावी लागतात. दिवाळी संपून थंडी पडली की बागेचं पाणी तोडायचं. एकदम बंद. झाडं हळूहळू मलूल होतात, पानं पिवळी पडतात, गळतात, बाग बघवत नाही. याला ताण देणं म्हणतात. मग संक्रांतीच्या सुमाराला खत घालून पाणी सोडायचं, की ते तहानलेलं झाड पानांच्या आधी फुलांनी फुटतं आणि आखाजीपर्यंत फांद्यांवर लहान लिंबं दिसायला लागतात. मध्येच पाणी मिळालं तर झाड फुलायचं विसरतं आणि नुसतं पानं काढत बसतं. भावजी म्हणायचे, “झाडले जीवनी भीती वाटाले जोयजे, तव्हय ते फूल धरस.” ताण चालू असताना ते रोज सकाळी बुडाशी माती उकरून मुठीत दाबून बघायचे. अक्काही तेच करू लागली. नवऱ्याचा कोट नाही घालत कुणी, पण त्याची सवय घालता येते.

आता यात कोको कुठून आला?

तो आला श्रावणात, पांढऱ्या गाडीतून. मला अक्काचा फोन आला, “वं बाई, लवकर ये. इंग्रजी बोलनारा लोके येल शेतस.” मी स्कूटर काढली, स्टँडवर लावली, एसटीनं अक्काचं गाव गाठलं. ओसरीवर एक साहेब खुर्चीवर बसले होते, बूट घालून. अक्काच्या सारवलेल्या ओसरीवर तिच्या जावयानंही कधी बूट नेले नव्हते. साहेब पुण्याच्या एका सल्ला देणाऱ्या कंपनीचे. मी त्याला मनातल्या मनात अहोजाहो करायचं केव्हाच सोडून दिलं आहे, तेव्हा इथंही सोडते.

त्यानं मला समजावून सांगितलं. जगातला बराचसा कोको आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या देशांतून येतो. तिथं जंगलं तुटली, झाडं म्हातारी झाली, पोरांना कामाला जुंपतात म्हणून बोभाटा झाला, आणि पिकवणाऱ्यांच्या हातात काही पडत नाही म्हणून त्यांची मुलं शेती सोडून चालली. चॉकलेटवाल्या कंपन्यांना काळजी लागली की हा धंदा पुढं टिकायचा कसा. म्हणून त्यांनी या सल्लागारांना विचारलं. सल्लागारांनी सल्ला दिला की नवे प्रदेश शोधा, उन्हात तगणारं झाड तयार करा, दुसऱ्या फळझाडांच्या सावलीत कोको लावा आणि बायकांना पुढं आणा. आमच्या अक्काकडे ऊन होतं, फळझाडं होती, आणि ती बाई होती. हमरस्त्यापासून गाडीही थेट बांधापर्यंत जात होती. यापलीकडं तिला का निवडलं याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

“खानदेशातल्या उन्हात कोको जगला ना, मॅडम, तर जगात कुठेही जगेल,” तो म्हणाला.

“आणि नाही जगला तर?”

“तर तोही एक निष्कर्षच.”

हे वाक्य त्यानं हसून म्हटलं. कुणाच्या बागेत बसून, कुणाचा चहा पिऊन, तिच्या मरणाऱ्या झाडांना हा माणूस निष्कर्ष म्हणतो! पण अक्काचा चेहरा मी बघितला आणि गप्प बसले. अक्का खुलली होती. त्यानं आल्या आल्या विचारलं होतं, इथले शेतकरी कोण? नाना पुढं झाले तर त्यानं त्यांना बाजूला ठेवून अक्काला समोर बसवलं. चुलीपाशी माझ्या कानात ती म्हणाली, “त्या मन्हासंगे बोलतस. नानासंगे नही.” भावजी गेल्यापासून बी-बियाण्याच्या दुकानातसुद्धा कुणी तिच्याशी थेट बोललं नव्हतं. नाना सोबत असले की दुकानदार नानांकडं बघायचा, आणि नाना नसले की नाना कुठं आहेत ते विचारायचा.

ती तयार झाली, पण वेडी नव्हती. तिनं एकच अट घातली आणि मला ती इंग्रजीतून, मग मराठीतून, मग हाताच्या खुणा करून सांगायला लावली. “कोकोले रोज पानी द्या, मन्हं काही म्हननं नही. पन ताण लागना का लिंबूले पानी सोडानं नही. एक थेंब बी नही. सांग त्यासले बठ्ठं नीट.” मी सगळं नीट सांगितलं. इंग्रजीची मास्तरीण आहे मी, माझं आयुष्य एकच गोष्ट चार वेळा सांगण्यात गेलं आहे. साहेबानं मान डोलावली. कोकोची नळी वेगळी, लिंबाची वेगळी, दोन वेगळे व्हॉल्व, असं ठरलं. लिंबाच्या ओळींच्या मधल्या पट्ट्यांत रोपं लागली, वर हिरवं शेडनेट चढलं. विहिरीपाशी एक पेटी बसवली. त्या पेटीमुळं पुण्यात बसून फोनवरून कुठलाही व्हॉल्व उघडता येतो, खतसुद्धा सोडता येतं, असं तो अभिमानानं म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकणं लहानपणापासून ऐकत आले होते. आता पुण्यावरून पाणी सोडणं पाहिलं. तेव्हा मला हसू आलं होतं.

दसऱ्यानंतर जळगावातल्या एका मोठ्या हॉटेलात त्यांची सभा झाली. जागतिक कोको-उद्योग शाश्वत कसा करावा यावर खासगी क्षेत्राचं मार्गदर्शन, असं मागच्या पडद्यावर लिहिलं होतं. अक्काला बोलावलं होतं म्हणून मीही गेले. थंडगार हॉल, टेबलाटेबलावर काचेच्या वाडग्यांत चॉकलेटं, आणि एकामागून एक उठणारे वक्ते. शेतकरी केंद्रस्थानी आहे असं प्रत्येकानं सांगितलं. शेतकरी मात्र शेवटच्या रांगेत बसला होता, पदर डोक्यावर घेऊन, एसीनं गारठून. दिवसभर सल्ले झाले. माती कशी जपावी, सावली कशी धरावी, बायकांना कसं शिकवावं, पोरांना शाळेत कसं पाठवावं. पिकवणाऱ्याला भाव नीट द्यावा, हा एक सल्ला मी कान टवकारून वाट बघत होते तरी कुणाच्या तोंडून आला नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. जेवण मात्र खरं होतं, आणि भरपूर होतं.

शेवटी अक्काला स्टेजवर नेलं. साहेबानं खोक्यातून एक पिवळं, खरबरीत, लहानशा पपईएवढं फळ काढलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. कोकोचं फळ. केरळातून मागवलेलं. अक्काच्या शेतातली रोपं तेव्हा माझ्या गुडघ्यालाही लागत नव्हती. फोटोवाला म्हणाला, “मावशी, हसा जरा. आपलं पीक आहे ना?” तो तिच्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी लहान असेल. अक्कानं माझ्याकडं बघितलं. तिला कळेना की हसायचं की हे माझं नाही असं सांगायचं. मग ती अर्धवट हसली आणि फोटो निघाला.

खाली येऊन ती मला म्हणाली, “बाई, हाई कोनं शे? ज्यानं शे त्याले दी टाक.” दुसऱ्याच्या झाडाचं फळ हातात राहिलं म्हणून ती कानकोंडी झाली होती. आमच्याकडं दुसऱ्याच्या बांधावरचं बोरसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नाहीत. मी ते फळ साहेबाच्या टेबलावर नेऊन आपटलं. तो म्हणाला, “अरे, ठेवायचं ना ताईंना आठवण म्हणून.” त्या हॉलमध्ये मी एक चॉकलेट खाल्लं होतं, ते मला घरी येऊन ओकावं लागलं. शिळं नव्हतं, चांगलं उंची होतं.

दिवाळी झाली, थंडी पडली. अक्कानं पाणी तोडलं. बाग हळूहळू उतरायला लागली, आणि तिचा चेहरा चढायला लागला. रोज फोनवर सांगायची, आज माती अशी लागली, आज पानं अशी वळली. यंदा ताण चांगला बसतोय, नाना परवा बांधावर येऊन बघून गेले, असं म्हणाली. तिचा आवाज मी कित्येक महिन्यांनी असा ऐकला.

अशात तिच्या लेकीचे दिवस भरले. लेक धुळ्याला दिलेली. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच ठरलेलं. अक्काला जावंच लागलं. जाताना तिला काळजी नव्हती, कारण ताणाच्या दिवसांत बागेत करण्यासारखं काही नसतंच, न करणं हेच काम असतं. कोकोचं पाणी पुण्यातून सुटत होतं. तिनं दोन लुगडी पिशवीत घातली, मेथीचे लाडू बांधले आणि गेली.

ती गेली त्या आठवड्यात साहेबाचा मला फोन आला. त्याचा सूर घाबरा होता.

“मॅडम, लिंबाची झाडं मरतायत! मी काल प्लॉटवर जाऊन आलो. पानं सगळी पिवळी. ताईंचं दुर्लक्ष झालंय का?”

मी म्हटलं, “अहो, ताण दिलाय. श्रावणात सांगितलं होतं ना तुम्हाला? पाणी अजिबात सोडू नका.”

“हो हो, ते आहे माझ्या लक्षात. पण पुढच्या आठवड्यात परदेशातून एक पाहुण्या बाई येतायत. त्यांना शाश्वत शेती दाखवायची आणि सावलीची झाडंच मरायला टेकलेली?”

“मरत नाहीत ती. संक्रांतीला पाणी दिलं की फुलतील. तोवर हात लावू नका.”

“ओके, मॅडम. अगदी ओके.”

मी खातरजमा म्हणून त्याला लेखी मेसेजही पाठवला. त्यावर अंगठा आला. अंगठा म्हणजे आमच्याकडं सही करता न येणाऱ्या माणसानं दिलेला शब्द. तो माणूस तरी तो पाळायचा.

पाहुण्या आल्या त्या दिवशी मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. मी रजा टाकून गेले. गाडी वळणावर आली आणि मला दुरूनच दिसलं. आजूबाजूच्या सगळ्या बागा वाळक्या, पिवळ्या, ताणावर. आणि मधोमध अक्काची बाग हिरवीगार. पोपटी. प्रत्येक फांदीच्या टोकाला कोवळी, लुसलुशीत, चमकणारी नवी पालवी, नवती. आळ्यांत पाय ठेवला तर चप्पल चिखलात रुतली. वर खताचा वास. पाण्याबरोबर युरियाही सोडला होता, लवकर तरतरी यावी म्हणून. फोन झाला त्याच दिवशी त्यानं पुण्यात आपल्या खुर्चीत बसून लिंबाचा व्हॉल्व उघडला होता आणि त्यानंतर तो बंद केलाच नव्हता.

“बघा मॅडम, वाचवली की नाही?” तो माझ्याकडं हसत आला. खरंच, त्याला शाबासकी हवी होती. त्या क्षणी मला त्याचा राग नाही आला, किळस आली. रागावलं की माणूस समोरच्याला निदान माणूस समजतो. मला त्याच्या स्वच्छ हातांची, त्याच्या बुटांना लागलेल्या अक्काच्या चिखलाची, त्याच्या त्या आनंदी चेहऱ्याची शिसारी आली.

मग मी बोलले. मराठीत बोलले, इंग्रजीत बोलले. पाहुण्या बाई गोऱ्या, सत्तरीकडं झुकलेल्या, स्वभावानं प्रेमळ वाटल्या. त्यांना मी ताण काय, बहार काय, आखाजी काय, नानांचा शब्द काय, सगळं सांगितलं. त्या माझा हात हातात घेऊन ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर झाडांकडं बघून म्हणाल्या, पण ही तर किती निरोगी दिसताहेत! साहेबानं त्यांना हळूच सांगितलं की इथल्या बायका शेतीविषयी फार भावनेनं बोलतात. आणि मला म्हणाला, “मॅडम, तुमचा मुद्दा आम्ही शिकवण म्हणून नोंदवून घेतो. संवाद आणखी हवा, हे आम्हालाही पटतं.” माझा संवाद झाला होता. त्याचा अंगठा माझ्या फोनमध्ये होता. तो मी त्याच्या नाकासमोर धरला, तर तो घड्याळाकडं बघून म्हणाला की पाहुण्यांना अजिंठ्याला जायचंय, उशीर होतोय.

नाना बांधावर उभे होते. मी त्यांच्यावर उखडले, “तुम्ही तरी बघितलं नाही का, नाना?” ते खाली मान घालून म्हणाले, “देखं ना. मले वाटनं, वहिनीनीच बहार सोडी दिधा. मी कसा विचारसू? मीच ते बोल टाकेल.” त्यांचंही खरं होतं. ज्याचा फायदा व्हायचा त्यानं कुठल्या तोंडानं विचारावं?

धुळ्याला फोन करून अक्काला सांगायचं काम माझ्याकडं आलं. नात झाली होती, ती मांडीवर घेऊन बसली होती, मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मी सांगितलं. ती म्हणाली, “नवती फुटनी का?” मी म्हटलं, फुटली. “कितली?” मी म्हटलं, बठ्ठी. “बरं,” ती म्हणाली, आणि बाळाला पाजायला देते म्हणून फोन ठेवला.

ती परत आली तेव्हा मी मुद्दाम सोबत राहिले. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करेल, पेटी फोडेल. मी तर फोडायला दगड घेऊन तयार होते. ती एकेका झाडापाशी गेली. फांदी खाली ओढून टोक बघायची, सोडून द्यायची, पुढच्या झाडाकडं जायची. “पानेच पाने,” म्हणाली. शेवटच्या ओळीपर्यंत ती गेली. मला माहीत होतं की ती एखाद्या तरी झाडावर फुलाची कळी शोधते आहे, आणि तिलाही माहीत होतं की नाही सापडायची. पुन्हा पाणी तोडून बघितलं तिनं. पण कोवळ्या नवतीवर ताण बसत नाही आणि तोवर ऊन चढलं. माघात शेजारच्या बागा फुलल्या. रात्री ओसरीवर बसलं की त्यांच्या फुलांचा वास यायचा, गोडसर, दाट. अक्का उठून आत जाऊन झोपायची.

होळीनंतर ऊन तापलं आणि कोकोची रोपं करपायला लागली. पानं कडेनं तपकिरी झाली, मग सगळीच. दिवसाकाठी दोनदा पाणी सोडूनही चैत्रात एकही रोप उभं राहिलं नाही. खानदेशातल्या कुठल्याही गुराख्यानं हे श्रावणातच सांगितलं असतं, पण त्याला विचारायला कुणी परदेशातून पैसे देत नव्हतं. एक दिवस दोन माणसं टेम्पो घेऊन आली आणि शेडनेट सोडून घेऊन गेली. पेटीही नेली. दुसऱ्या कुठल्यातरी प्लॉटवर लावायची होती म्हणे. खांब रोवलेले खड्डे तसेच राहिले. भरपाईचं विचारायला मी साहेबाला किती फोन केले. आधी तो मीटिंगमध्ये असायचा, मग प्रवासात, मग फोन नुसताच वाजत राहायचा. एकदा त्याच्या कंपनीतली एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, कोको जगला नाही हा प्रकल्पाच्या दृष्टीनं फार मोलाचा निष्कर्ष आहे, त्यासाठी ताईंचे आम्ही आभारी आहोत. सोबत त्यांनी कुरिअरनं चॉकलेटचा डबा पाठवला. वाटेतच तो वितळला होता. अक्कानं तो उघडून बघितला आणि गाईच्या गोठ्यामागं उकिरड्यावर नेऊन टाकला. गाईलाही दिला नाही.

आखाजी आली. मी सकाळीच पोहोचले. अक्कानं घागर मांडली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं होतं. पुरणाचे मांडे, आंब्याचा रस, कुरडया, सगळं केलं होतं, दरवर्षीसारखं. पितरांचं म्हणून भावजींचं पान वेगळं वाढायचं असतं, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर त्यांच्या नावानं घास टाकायचा असतो. अक्का पान वाढायला बसली आणि थांबली. डावीकडं मीठ वाढलं, चटणी वाढली. लिंबाची फोड हवी होती. भावजींच्या पानावर कधी बाजारातलं लिंबू पडलं नव्हतं.

“थांब,” म्हणाली, आणि भर उन्हात बागेत गेली.

ती बऱ्याच वेळानं आली. घाम निथळत होता, दंडावर काट्याचा ओरखडा होता. हातात एक लिंबू होतं. पिवळं, सालीवर डाग पडलेलं, कुठल्यातरी आतल्या फांदीला राहून गेलेलं. तिनं ते धुतलं, चिरलं आणि पानावर ठेवलं. निखाऱ्यावर घास पडला, धूर झाला, आम्ही हात जोडले. नाना दाराशी उभे राहून ते सगळं बघत होते.

जेवणं झाली. ओसरीवर तीच माणसं बसली जी मागच्या आखाजीला बसली होती. कुणी विषय काढेना. अक्काच आत गेली, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली खुंटीवरून काढून आणली आणि नानांच्या पुढ्यात ठेवली.

नानांनी किल्लीला हात लावला नाही. घसा खाकरून म्हणाले, “वहिनी, लिंबू दिखनं ना झाडवर. पानवर मी मन्हा डोयाघाई देखं. एक लिंबू बी लिंबूच शे. आखो एक साल करा तुम्ही.”

सगळे अक्काकडं बघायला लागले. माझ्या जिवात जीव आला. मी मनात म्हणत होते, हो म्हण, बाई, हो म्हणून टाक.

“हाई मांगला बहारनं शे, नाना,” अक्का म्हणाली. “यंदानं नही.”

तिनं किल्ली उचलून त्यांच्या हातात दिली. नानांनी ती घेतली आणि तसेच बसून राहिले. पावसाळ्याच्या आत झाडं काढायची तर पुढच्याच आठवड्यात मशीन सांगावं लागेल, असं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं. नानांनी त्याला गप्प केलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब. इतके महिने न लागलेला फोन, आणि आखाजीच्या दुपारी! मी तिथंच उचलला. तो आनंदात होता. त्यांच्या मार्गदर्शनाची पुस्तिका छापायला जाते आहे, सगळ्या जगात जाणार आहे, आणि मुखपृष्ठासाठी पाहुण्यांनी त्या दिवशी काढलेला अक्काच्या बागेचा फोटो निवडला गेला आहे. ताईंची परवानगी तेवढी हवी होती. आणि त्यांचं एखादं वाक्य मिळालं तर फारच छान.

मी फोनवर हात ठेवला आणि अक्काला सांगितलं. मला वाटलं ती शिवी देईल. निदान मला ती द्यायची परवानगी देईल. ती ताटं गोळा करत होती, हात न थांबवता म्हणाली, “विचार त्याले, फोटूमा लिंबू दिखतस का?”

मी विचारलं.

“एक मिनिट हं, मॅडम,” तो म्हणाला, आणि खरंच फोटो उघडून बघत असावा. “नाही, लिंबं नाही दिसत कुठं. पण पानं बघा ना, काय सुंदर आली आहेत!”